वाचक विचारतात : डोळ्याचे पाणी आणि सोनोग्राफी

गेल्या अंकात डोळ्यांतून सतत पाणी येण्याच्या तक्रारीविषयी लिहिले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरतात : अश्रुनलिका बंद आहे की नाही, हे सोनोग्राफीत कळते का? म्हणून या वेळी तीच पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ आहे. दीड वर्षापासून तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येते, सकाळी चिपडे येतात आणि नाकाकडचा कोपरा दाबला की चिकट स्राव वर येतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘डावी अश्रुपिशवी फुगलेली, १४ × ९ मि.मी., आत बारीक प्रतिध्वनी, रक्तप्रवाह आढळला नाही’ एवढेच लिहिले आहे. नलिका नेमकी कुठे बंद आहे याचा उल्लेखच नाही. तपासणी अपुरी झाली का? आता सीटी स्कॅन करावा लागेल का? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : तपासणी अपुरी झालेली नाही. सोनोग्राफीला जे दिसू शकते ते अहवालात आलेले आहे, आणि आपण ज्याचा उल्लेख शोधत आहात ते सोनोग्राफीला दिसतच नाही. असे का, हे कळण्यासाठी अश्रूंची वाट आधी पाहावी लागेल.

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेली अश्रुग्रंथी आणि पापण्यांच्या आतील लहान ग्रंथी मिळून, आपण रडत नसतानाही, मिनिटाला साधारण १ मायक्रोलिटर पाणी तयार करत असतात. त्यातले काही हवेत उडून जाते आणि उरलेले पापणीच्या प्रत्येक उघडझापेबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यात सरकते. आरशासमोर उभे राहून खालची पापणी किंचित बाहेर ओढली, तर त्या कोपऱ्याजवळ टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र दिसते. तसेच एक वरच्या पापणीतही असते. या दोन छिद्रांपासून दोन सूक्ष्मनलिका निघतात, ज्या आधी सुमारे २ मि.मी. उभ्या जातात, मग वळून सुमारे ८ मि.मी. आडव्या जातात आणि बहुतेकांत एकत्र होऊन अश्रुपिशवीत उघडतात. ही पिशवी नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, १२ ते १५ मि.मी. उंचीची असते. तिच्या तळापासून निघालेली अश्रुनलिका वरच्या जबड्याच्या हाडातील बोगद्यातून खाली उतरते आणि नाकात उघडते. रडताना नाक गळू लागते ते याच वाटेने, आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात येते तीही याच वाटेने.

सोनोग्राफीचे यंत्र आवाजाच्या लहरी आत सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून चित्र उभे करते. मऊ ऊतींतून आणि पाण्यातून या लहरी सहज जातात. हाडावर मात्र त्या आपटून परत फिरतात आणि हाडामागे पडद्यावर फक्त काळी सावली उरते. पिशवीच्या पुढच्या बाजूला कातडी, स्नायू आणि कोपऱ्यातील कंडरा (पापण्यांना हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) एवढेच असल्यामुळे पिशवी चांगली दिसते. नलिका हाडात शिरली की दिसेनाशी होते. घरातली मोरी तुंबली की पाणी वर साचलेले दिसते, पण बोळा अडकलेला असतो भिंतीच्या आतल्या पाइपात. सोनोग्राफीला मोरी दिसते, पाइप दिसत नाही.

तरीही आपल्या आईच्या अहवालातून बरेच काही कळते. निरोगी अश्रुपिशवी जवळजवळ रिकामी असते, तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यामुळे ती सोनोग्राफीत शोधावीच लागते. ती १४ × ९ मि.मी.पर्यंत फुगलेली आहे याचा अर्थ पाणी वरून आत येत आहे आणि खालून बाहेर पडत नाही. म्हणजे सूक्ष्मनलिका खुल्या असून अडथळा पिशवीच्या खाली आहे. हा अडथळा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो अनुमानाने कळतो, आणि हे अनुमान भक्कम आहे. ‘आत बारीक प्रतिध्वनी’ म्हणजे आतील द्रव स्वच्छ पाण्यासारखा काळाभोर न दिसता त्यात राखाडी धूळ तरंगल्यासारखी दिसली. ती चिकट स्रावाची किंवा पुवाची खूण आहे, आणि दाबल्यावर वर येणाऱ्या स्रावाशी ती जुळते. ‘रक्तप्रवाह आढळला नाही’ हे वाक्य डॉपलर तपासणीचे आहे. पिशवीत मांसल वाढ असेल तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. त्या नसणे दिलासा देणारे आहे, जरी केवळ तेवढ्यावरून अशी वाढ नाहीच असे कोणी लिहून देणार नाही.

उलट बाजूने मात्र हा तर्क चालत नाही. पिशवी फुगलेली दिसली नाही म्हणून वाट मोकळी आहे असे म्हणता येत नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त गृहस्थांना मी सोनोग्राफीसाठी पाठवले. माणूस टापटिपीचा, चारचौघांत डोळा घाण दिसू नये म्हणून ते दर तासाला रुमालाने कोपरा दाबून घेत असत आणि तपासणीच्या खोलीत शिरण्यापूर्वीही त्यांनी तेच केले. अहवाल आला, ‘अश्रुपिशवी सामान्य’. मी तो प्रमाण मानला, तीन महिने थेंब दिले, आणि एका सोमवारी ते कोपऱ्यावर बोराएवढी लालबुंद सूज घेऊन दारात उभे राहिले. चूक अहवालाची नव्हती. कागदावर भरवसा ठेवण्यापूर्वी मी स्वतः बोट लावून पाहिले नव्हते.

ते बोट लावणे हीच पहिली तपासणी असते. नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने हलके दाबले की पिशवीतील स्राव छिद्रातून मोत्यासारखा वर येतो. तो आला, तर पिशवीच्या खाली अडथळा आहे हे तिथेच ठरते. आपल्या आईच्या बाबतीत ते घरीच ठरले आहे. स्राव येत नसेल तर सिरिंजिंग करतात. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून बोथट टोकाची बारीक सुई खालच्या छिद्रातून आत नेतात आणि सलाईन हळूहळू सोडतात. डॉक्टर विचारतात, “घशात खारट लागलं का?” लागले तर वाट खुली आहे. पाणी त्याच छिद्रातून स्वच्छ परत आले तर त्याच सूक्ष्मनलिकेत अडथळा आहे; वरच्या छिद्रातून, विशेषतः चिकट स्रावासह परत आले तर तो पिशवीच्या खाली आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि अडथळ्याची जागा ती सोनोग्राफीपेक्षा नेमकी सांगते. तिची एकच मर्यादा लक्षात ठेवावी : पिचकारीचा दाब अश्रूंच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे नलिका नुसती अरुंद झालेली असेल तर सलाईन घशात उतरते आणि अश्रू मात्र गालावर येतात. अशा वेळी दोन्ही डोळ्यांत फ्लुरेसीन रंगाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी निळ्या प्रकाशात कोणत्या डोळ्यात रंग रेंगाळला आहे हे पाहतात.

सीटी स्कॅनची गरज पत्रातील वर्णनावरून दिसत नाही. शेवटचा निर्णय अर्थात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा. चेहऱ्याच्या हाडांना पूर्वी मार लागलेला असेल, नाकाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया झालेली असेल, अश्रुमार्गाची पहिली शस्त्रक्रिया फसलेली असेल किंवा गाठीची शंका असेल, तर सीटी आवश्यक ठरतो, कारण तेव्हा प्रश्न हाडाचा असतो. ५८ वर्षांच्या बाईंच्या एका डोळ्यात हळूहळू वाढत गेलेला अडथळा हा नेहमीचा प्रकार आहे. मध्यमवयीन आणि त्यापुढील स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. त्यावर थेंबांचा उपाय नाही आणि मोठ्या माणसांत सळई घालून उघडलेली नलिका सहसा पुन्हा बंद होते. डीसीआर नावाच्या शस्त्रक्रियेत पिशवी आणि नाक यांच्या मधल्या हाडात खिडकी करून अश्रूंना नवी वाट दिली जाते. इटलीतील अद्देओ तोती यांनी कातडीवर छेद घेऊन करण्याची पद्धत १९०४ मध्ये मांडली. आता तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने नाकातूनही होते आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

प्रश्न : सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे की भरपूर पाणी पिऊन? (देवळाली)

उत्तर : दोन्ही नको. पोटाच्या सोनोग्राफीचे नियम डोळ्याला लागू नाहीत, तरीही लिटरभर पाणी पिऊन अवघडून बसलेले एक-दोन रुग्ण दर महिन्याला भेटतातच. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचून एका आजोबांनी “मग माझं इथं काय काम?” असे विचारल्याचेही आठवते. डोळे मिटून आडवे पडायचे, पापणीवर गार जेल लावतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होते, इंजेक्शन नाही आणि क्ष-किरणही नाहीत. डोळ्यातील सौंदर्यप्रसाधने आधी पुसून जावे आणि तपासणी होईपर्यंत कोपरा दाबू नये.

प्रश्न : आमची नात अडीच महिन्यांची आहे. सूनबाईंच्या ३३व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळ लहानशी पाणगाठ असल्याचे लिहिले होते. जन्मानंतर गाठ दिसली नाही, पण तो डोळा सतत ओला असतो आणि पापण्या चिकटतात. पुन्हा सोनोग्राफी करावी का? घरातील वडीलधारी मंडळी काजळ घालायला आणि आईचे दूध डोळ्यात पिळायला सांगतात. (नाशिक रोड)

उत्तर : गाठ दिसत नाही, बाळ नाकाने नीट श्वास घेते आणि दूध पिते, तर आज सोनोग्राफीची गरज नाही.

गर्भातल्या सोनोग्राफीत जी पाणगाठ दिसली ती बहुधा अश्रुपिशवीच होती. अश्रुनलिका नाकात जिथे उघडते तिथे एक पातळ पडदा असतो, जो जन्माच्या सुमारास आपोआप फाटतो. तो फाटला नाही आणि पिशवीच्या वरच्या तोंडाशीही झडपेसारखी अडवणूक झाली, तर द्रव मधेच कोंडून पिशवी फुगते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत ती डोळ्याच्या आतल्या खालच्या कोपऱ्याशी काळ्या, गोल पाणगाठीसारखी दिसते. अशा अनेक पाणगाठी जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर लवकरच आपोआप ओसरतात, तशीच आपल्या नातीचीही ओसरलेली दिसते. आता उरला आहे तो नुसता पडद्याचा अडथळा, जो नवजात बाळांत अगदी नेहमीचा आहे. शंभरातील किमान पाच-सहा बाळांचे डोळे याच कारणाने पाणावतात आणि त्यांतल्या दहापैकी नऊ बाळांचा अडथळा पहिल्या वाढदिवसापर्यंत सुटतो.

तोवर करायची गोष्ट म्हणजे मालीश. १९२३ मध्ये क्रिग्लर यांनी सांगितलेली ही पद्धत आजही तशीच वापरली जाते, पण ती नीट दाखवून दिली जात नाही आणि घरोघर नाकावरून तेलाचा हात फिरवणे असे तिचे रूप होते. नखे कापून आणि हात साबणाने धुऊन करंगळीचे पेर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, डोळा आणि नाक यांच्या मधल्या खळग्यात टेकवावे. पेर टेकवताच वरची वाट दाबली गेली पाहिजे. मग बोट न उचलता, नाकाच्या कडेने, खाली दाब द्यावा. आतल्या द्रवाचा लोंढा खालच्या पडद्यावर आदळला पाहिजे; नुसती कातडी चोळून काही साधत नाही. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा, दूध पाजताना केले की बाळ कुरकुरत नाही. पहिल्या वेळी आपल्या डॉक्टरांकडून स्वतःच्या बोटावर दाब अनुभवून घ्यावा. किती दाबायचे हे लिहून सांगता येत नाही. प्रतिजैविकाचे थेंब फक्त पू येत असेल तेव्हाच, आणि डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. वर्ष उलटूनही पाणी थांबले नाही तर भूल देऊन बारीक सळईने तो पडदा उघडतात, ज्याला प्रोबिंग म्हणतात. मोठ्यांत न टिकणारा हा उपाय लहान मुलांत चांगला टिकतो.

काजळ नको, काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळते, आणि तुंबलेल्या डोळ्यात कोणतीही भुकटी घालणे अयोग्यच. आईचे दूध बाळाच्या पोटात जावे, डोळ्यात नको, कारण साचलेल्या पाण्यात दुधाची भर पडली की जंतूंची सोय होते. वडीलधाऱ्यांना दुखवायचे नसेल तर काजळाचे बोट तळपायाला लावावे.

जन्मतःच कोपऱ्यावर निळसर, ताणलेली गाठ असलेल्या बाळाला मात्र सोनोग्राफी जरूर करावी. ती अश्रुपिशवी आहे, रक्तवाहिन्यांची गाठ आहे की मेंदूच्या आवरणाचा कवटीतून बाहेर आलेला भाग आहे, हे वरून सांगणे कठीण असते आणि या तिन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. पिशवीत प्रवाह नसतो, रक्तवाहिन्यांची गाठ डॉपलरवर रंगाने भरून जाते, आणि मेंदूच्या आवरणाची गाठ सहसा कोपऱ्यातील कंडरेच्या वर असते. तिची शंका आली तर पुढे एमआरआय लागतो. फुगलेली पिशवी नाकाच्या आतही उतरलेली असू शकते, आणि नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेत असल्यामुळे बाळ दूध पिताना निळे पडत असेल किंवा घुसमटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट : बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर ते पाणी अश्रुनलिकेचे नसून जन्मजात काचबिंदूचे असू शकते. तिथे मालीश करत वर्षभर थांबले तर दृष्टी जाते.

प्रश्न : द्राक्षबागेत पहाटे मोटारसायकलने जाताना आणि फवारणीच्या दिवसांत माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागतात, एरवी काही त्रास नाही. सोनोग्राफी करून घ्यावी का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : नको. दोन्ही डोळे, ठरावीक वेळ, ठरावीक कारण आणि मधल्या काळात डोळा कोरडा, ही नलिका तुंबल्याची लक्षणे नाहीत; तुंबलेली मोरी दुपारी मोकळी होऊन पहाटे पुन्हा तुंबत नाही. निफाड तालुक्यातील हिवाळ्याची पहाट अंगावर घेत गाडी चालवली तर डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि त्यावर प्रतिक्रिया म्हणून ग्रंथी एकदम पाणी सोडतात. ‘डोळे कोरडे आहेत म्हणून पाणी येते’ हे वाक्य ऐकून रुग्ण माझ्याकडे संशयाने पाहतात, पण ते खरे आहे. बाजूने बंद असणारा चष्मा गाडीवर आणि फवारताना वापरावा, आणि औषध डोळ्यात उडालेच तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुऊन बाटलीसह डॉक्टरांकडे जावे. वर्षभरात एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याच्या कोरडेपणाची तपासणी आणि हवे तर सिरिंजिंग करून घेतले की पुरे.

प्रश्न : मी रेडिओलॉजिस्ट आहे. नेत्रतज्ज्ञांकडून ‘यूएसजी लॅक्रिमल सॅक’ (अश्रुपिशवीची सोनोग्राफी) एवढीच चिठ्ठी घेऊन रुग्ण येतात. अशा तपासणीत काय पाहावे आणि अहवालात काय लिहावे? (सिन्नर)

उत्तर : आधी आमच्या बाजूची चूक कबूल करतो. तीन शब्दांच्या चिठ्ठीत प्रश्नच नसतो, आणि प्रश्न नसलेल्या तपासणीचे उत्तर ‘सामान्य’ येणे स्वाभाविक आहे. गाठ आहे की नुसता द्रव, खडा आहे का, तीव्र सुजेत गळू पिकले आहे का, असे काही विचारलेले नसेल तर आपण फोन उचलून विचारावे.

तंत्राबद्दल आपणास सांगण्यासारखे थोडेच आहे. लहान पृष्ठभागाचा लिनिअर प्रोब (यंत्राचा कातडीवर टेकवायचा सरळ कडेचा भाग), १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा, सोयीचा पडतो; हॉकीस्टिक प्रोब असेल तर नाकाच्या उतारावर तो चांगला बसतो. जेलचा जाड थर ठेवावा आणि प्रोब जवळजवळ अधांतरी धरावा, कारण थोडा दाब पडला तरी पिशवी रिकामी होते आणि आपण जे पाहायला आलो तेच निघून जाते. डोळ्याशेजारी काम असल्यामुळे यंत्र डोळ्याच्या सेटिंगवर असावे; मेकॅनिकल इंडेक्सची, म्हणजे लहरींचा ऊतींवर किती यांत्रिक परिणाम होऊ शकतो हे दाखवणाऱ्या आकड्याची, मर्यादा तिथे ०.२३ आहे, जी इतर अवयवांच्या मानाने फारच कमी आहे. आधी निरोगी बाजू पाहून घ्यावी. मग रोगट बाजूला पिशवी आडव्या आणि उभ्या छेदात मोजावी, भिंतीची जाडी पाहावी, डॉपलर लावावा, आणि सर्वांत शेवटी, स्थिर चित्रे टिपून झाल्यावर, प्रोबने हलके दाबून आतला द्रव हलतो का व पिशवी आक्रसते का हे पाहावे. हा क्रम उलटा झाला तर काय होते, ते वरच्या निवृत्त गृहस्थांच्या हकिगतीत आलेच आहे.

अश्रुमार्गातील खडे फसवतात. पित्ताशयातील खड्यामागे जशी ठळक सावली पडते तशी इथे पडेलच असे नाही, कारण हे खडे बहुतांशी श्लेष्मा, प्रथिने आणि पेशींचे थर साचून बनतात आणि त्यांत कॅल्शियम फारसे नसते. सावली नाही म्हणून खडा नाही असे लिहू नये. हलणारा, रक्तप्रवाह नसलेला, उजळ गोळा दिसला तर तसेच वर्णन करावे. भिंतीला चिकटलेली, न हलणारी आणि प्रवाह असलेली घट्ट गाठ दिसली तर मात्र अहवाल पाकिटात घालून देण्याआधी नेत्रतज्ज्ञांना कळवावे. तीव्र दाहात सिरिंजिंग करायचे नसते आणि कोपरा दाबायचाही नसतो, तेव्हा पू साचला आहे की नुसती सूज आहे हे न दुखवता सांगणारी तपासणी म्हणून आपलाच आधार असतो. आम्हाला सोनोग्राफीचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो इथे.

सूक्ष्मनलिका या प्रोबने दिसण्याची अपेक्षा धरू नये. त्यासाठी अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोप हे वेगळे यंत्र लागते, जे सुमारे ५० मेगाहर्ट्झवर चालते आणि जेमतेम ५ मि.मी. खोलवर पाहते. वारंवार ‘डोळे येतात’ म्हणून महिनोन्‌महिने थेंब घालणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या सूक्ष्मनलिकेत जंतूंच्या वसाहतीचे पिवळसर कण साठलेले असतात. तिथे फुगलेली नलिका या यंत्रात दिसते. खोल पिशवीसाठी ते निरुपयोगी आहे. वारंवारता वाढवली की बारकावा वाढतो आणि पोहोच घटते, हा व्यवहार आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्या कुतूहलासाठी एवढेच की हा विषय नवा नाही. अश्रुमार्गात बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा धातू) भरून क्ष-किरणांचे चित्र इविंग यांनी १९०९ मध्ये घेतले होते, आणि फिनलंडचे अर्वो ओक्साला यांनी अश्रुपिशवीच्या तीव्र दाहात अल्ट्रासाउंड वापरल्याचे १९५९ मध्ये लिहिले, तेव्हा पडद्यावर आजच्यासारखे चित्र उमटत नसे, रेघेचे चढउतार वाचावे लागत.

अहवालात ‘अश्रुनलिका सामान्य’ हे शब्द कृपया लिहू नयेत. ‘हाडातील नलिका या तपासणीत दिसत नाही’ असे एक वाक्य लिहिले तर पंचवटीच्या वाचकांसारखी घालमेल वाचेल.

प्रश्न : वडिलांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात, थोडी वरच्या बाजूला, कडक गाठ आहे. दुखत नाही, दाबून काही येत नाही, पण दोनदा पाण्यात रक्ताची छटा दिसली. थांबावे का? (सातपूर)

उत्तर : थांबू नये. कंडरेच्या वर सरकलेली कडक गाठ आणि रक्तमिश्रित पाणी या दोन्ही गोष्टी गाठीची शंका घ्यायला लावणाऱ्या आहेत. सोनोग्राफी पहिली पायरी म्हणून ठीक, पण ती काहीही म्हणाली तरी सीटी किंवा एमआरआय आणि गरजेप्रमाणे तुकडा तपासणी लागेल. याच आठवड्यात डोळ्याच्या पापण्या व अश्रुमार्गाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मोतीबिंदूच्या शिबिरात आजीची निवड झाली होती, पण ‘पिशवी खराब आहे’ म्हणून तिला परत पाठवले. घरच्यांना हा निव्वळ छळ वाटतो. जुन्या लोकांत याला डोळ्याचा नासूर म्हणतात, तोच का हा? आता सोनोग्राफी करून पिशवी ‘चांगली’ असल्याचे दाखवता येईल का? (ओझर)

उत्तर : होय, नासूर म्हणतात तो बहुधा हाच. परत पाठवणाऱ्यांनी आपल्या आजीचा डोळा वाचवला आहे. तुंबलेल्या पिशवीत जंतू सतत वाढत असतात आणि छिद्रातून डोळ्यावर येत असतात. अशा वेळी मोतीबिंदूसाठी डोळा उघडला तर ते आत शिरून दोन-तीन दिवसांत दृष्टी कायमची घालवू शकतात. म्हणूनच शिबिरात भिंगाचे माप घेण्याआधी कोपरा दाबून पाहतात आणि सिरिंजिंग करतात. सोनोग्राफीचा कागद इथे चालणार नाही, कारण पिशवी त्या दिवशी रिकामी दिसली तरी जंतू आतच असतात. आधी पिशवीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. वय फार असेल आणि मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर डॉक्टर पिशवी काढून टाकण्याचा सोपा पर्यायही सुचवतात, ज्यात पाणी येणे राहते पण पू थांबतो. जखम भरली, कोपरा दाबून काही वर येईनासे झाले, की काही आठवड्यांनी मोतीबिंदूची तारीख घ्यावी, आणि जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचे कार्ड सोबत न्यावे.